गॉगलभाऊ

कोल्हापुरातला कुठलाही चौक घ्या, वाढदिवसाचा एक तरी फ्लेक्स लागलेला असतोच. मधोमध उत्सवमूर्ती, वरच्या कोपऱ्यांत नेते आणि खाली शुभेच्छुकांच्या तिकिटाएवढ्या फोटोंची रांग. त्या रांगेतल्या निम्म्या डोळ्यांवर गॉगल. फोटो काढलेला असतो स्टुडिओच्या बंद खोलीत, पण चेहरे असे की समोर भर मे महिन्यातलं मसाई पठार आहे. या रांगेत डावीकडून पहिला जो, तो आमचा गॉगलभाऊ.

पेठ कुठलीही असो, तालीम कुठलीही असो, गॉगलभाऊ एक असतोच. वय पस्तीस ते चाळीसच्या मधे कुठंतरी थांबवून ठेवलेलं. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीवर सुपरवायझर. शिरोली शहराच्या पूर्वेच्या अंगाला, त्यामुळं सकाळी कामावर जाताना ऊन तोंडावर आणि संध्याकाळी परतताना पुन्हा तोंडावरच. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांमागची धूळ वेगळी, पेटवलेल्या पाचटाची काजळी वेगळी आणि दिवस मावळताना डोळ्यात शिरणारी चिलटं वेगळी. म्हणजे चांगल्या गॉगलची ज्याला खरोखर गरज आहे असा हा माणूस. आणि गॉगलमधलं त्याला कळतं, हे मी उपरोधानं म्हणत नाही. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार केला, त्या गावात भिंगातलं आपल्याला कळत नाही असं कबूल करणारा सापडणं मुश्कीलच. पण गॉगलभाऊचं ज्ञान नुसती तोंडपाटीलकी नव्हे.

म्हणून तालमीतल्या कुणाला गॉगल घ्यायचा असला, की मुलगी बघायला जाताना मामाला नेतात तसं याला नेतात. पहिला पगार झालेलं एक पोरगं घेऊन तो महाद्वार रोडला निघाला, तेव्हा मीही मागोमाग गेलो. पोराचा जीव फुटपाथवरच्या निळ्या मर्क्युरीवर जडला होता. दीडशे रुपये सांगितले होते, शंभराला सुटला असता.

"ठेव खाली," गॉगलभाऊ म्हणाला. "काच नुसती काळी असून भागत न्हाई मर्दा. अंधार झाला म्हणून डोळ्याची बाहुली फसती आणि मोठी हुती. मग न दिसणारं ऊन सरळ आत. त्यापेक्षा मोकळे डोळे बरे, निदान बारीक तरी हुतात. चारशे लिवलेलं बघून घ्यायचं."

"चारशेला कशाला? ह्यो शंभरला देतोय की."

"किंमत न्हाई रं! यूव्ही चारशे. चारशे नॅनोमीटरपतूर सगळे अतिनील किरण अडिवणारी काच."

पोरानं मान डोलवली. अतिनील म्हटल्यावर त्याला निळी मर्क्युरीच जास्त योग्य वाटत होती, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मग चष्म्याच्या दुकानात. दुकानदारानं छोटी जांभळी बॅटरी काढली, नोटेवर मारली, नोटेतले तंतू चमकले. मधे गॉगलची काच धरली, तंतू विझले. "बघा, यूव्ही बंद." पोरगं म्हणालं, "म्हंजे नोट खरी हाय." दुकानदारानं बॅटरी निमूट गल्ल्यात ठेवली.

पण गॉगलभाऊच्या खऱ्या परीक्षा पुढंच असतात आणि त्या कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेल्या नाहीत. पहिली हसण्याची. गॉगल घालायला लावून तो समोरच्याला खदखदून हसवतो. हसताना गाल वर चढतात, ते फ्रेमला भिडून गॉगल उचलला गेला तर तो बाद. "आरशासमोर सगळीच गंभीर असत्यात. म्हणून घरी गेल्यावर फसत्यात." दुसरी परीक्षा पाया पडण्याची. वाकल्यावर गॉगल नाकावरून घसरला, तर जोतिबाला, अंबाबाईला आणि सासुरवाडीला तो निकामी. पोरगं दुकानातच वाकलं. समोर दुकानदाराचे वडील खुर्चीत बसले होते, त्यांनी सवयीनं "औक्षवंत हो" म्हणून टाकलं. गॉगल जागेवर राहिला. तिसरी परीक्षा काडीची. काडी कानामागं रुतली तर दुकानातल्या पाच मिनिटांत कळत नाही, लग्नाच्या मांडवात दोन तासांनी कळतं. म्हणून गॉगल डोळ्यांवर ठेवूनच बसायचं, चहा मागवायचा, केएसए फुटबॉल लीगचा विषय काढायचा. पाटाकडील आणि दिलबहारवर बोलणं सुरू झालं की कोल्हापुरी माणसाला काळवेळाचं भान राहत नाही. तरीही मधेच त्याचा हात कानाकडं गेला, तर ती काडी चावते.

रंगाची परीक्षा मात्र दुकानात होत नाही. दुकानदाराच्या ओळखीवर तीन गॉगल घेऊन आम्ही शेजारच्या खानावळीत गेलो. तांबडा आणि पांढरा, दोन्ही रश्श्यांच्या वाट्या पुढ्यात ठेवल्या. निळ्या काचेतून तांबडा काळपट जांभळा दिसला आणि पांढरा निळा. पोरानं गॉगल काढून आधी रस्सा नीट आहे ना बघितलं. तपकिरी काचेतून उठाव छान आला, पण पांढऱ्यावरही तांबूस छटा चढली. करड्या काचेतून मात्र उजेड तेवढा उतरला; तांबडा तांबडाच राहिला, पांढरा पांढराच. "ह्यो घे," गॉगलभाऊ म्हणाला. "करडी काच रंगात लुडबूड करत न्हाई. सिग्नलबी बरोबर दिसंल." डोळ्यांचे डॉक्टरही रोजच्या वापराला करडा रंगच सुचवतात, पण त्यांना ते इतक्या चविष्ट पद्धतीनं पटवता येत नाही.

पोलराइज्ड काचेबद्दल मात्र त्याचं मत एका संध्याकाळीत बदललं. पाण्यावरून, डांबरावरून, गाड्यांच्या काचांवरून आडवी परावर्तित होणारी तिरीप ही काच अडवते, हे तो कितीतरी जणांना समजावून सांगायचा. एकदा मावळतीला रंकाळ्यावर खात्री करून घ्यायला गेला. पाण्यावर सोनं सांडलेलं, चौपाटीवर भेळेच्या गाड्या, लोक मोबाईल उगारून उभे. यानं गॉगल चढवला. सोनं गायब झालं आणि खालचं पाणी दिसलं. हिरवं, कडेला जलपर्णी, त्यात प्लास्टिकच्या पिशव्या. त्यानं गॉगल काढला, घातला, पुन्हा काढला. "काच चांगली हाय," तो शेवटी म्हणाला, "पर रंकाळ्याला न्हाई चालायची." वर तिरक्या धरलेल्या मोबाईलचा पडदाही त्या काचेतून काळा पडतो, म्हणजे मावळतीचा फोटो काढायचीही पंचाईत.

एवढं सगळं कळणारा माणूस स्वतः काय घालतो? सोनेरी तारेचा एव्हिएटर. हा आकार मूळ अमेरिकन वैमानिकांसाठी घडवला गेला आणि १९३७ पासून रेबॅन या नावानं बाजारात आला. गॉगलभाऊचा विमानाशी संबंध उजळाईवाडी विमानतळाच्या कुंपणाबाहेरून आलेला. त्याच्या गॉगलची तार उन्हात तापते. हसल्यावर तो वर उचलला जातो, म्हणून गॉगलभाऊ फोटोत हसत नाही. नाकावरच्या पॅडांनी दोन्ही बाजूंना कायमचे खळगे पाडलेत. स्वतःच्या तिन्ही परीक्षांत नापास होणारा गॉगल तो बारा महिने बाळगतो. बाळगतो म्हणायचं कारण, डोळ्यांवर तो क्वचितच असतो. तो डोक्यावर असतो, शर्टाच्या दुसऱ्या बटणात असतो आणि २०१० साली 'दबंग' आल्यापासून मागच्या कॉलरलाही असतो. गॉगल हवेत फिरवून डोळ्यांवर आणायची युक्तीही त्यानं बरीच वर्षं घोटली. "रजनीकांत मूळचा गायकवाड," एवढंच समर्थन तो देतो, आणि आमच्याकडं तेवढं पुरतं.

डोळ्यांवर गॉगल नक्की दिसतो तो फ्लेक्सवर, डोळे आल्यावर आणि गणपतीच्या मिरवणुकीत रात्री बारा वाजता. लेझरपासून डोळे राखायला म्हणून. साधा गॉगल लेझर अडवत नाही, हे त्यालाही माहीत आहे. विचारलं तर म्हणतो, "लेझरला न्हाई रं, लोकांना."

एकच संध्याकाळ अशी असते की गॉगल खिशात जातो. किरणोत्सवाची. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसंच ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीचे किरण महाद्वारातून आत शिरून अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोचतात. ते आज चरणांपर्यंत आले की मुखापर्यंत, वाटेत कुठल्या इमारतीचा अडथळा झाला, ढग कसे होते, यावर गावात जेवढी चर्चा होते तेवढी महापालिकेच्या बजेटवरही होत नाही. त्या दिवशी गॉगलभाऊ उघड्या डोळ्यांनी उभा असतो. "मावळतीच्या उन्हात यूव्ही नसल्यातच जमा," असं कारण देतो. हे बरोबरही आहे, पण कारण ते नसावं.

हिवाळ्यात त्याच्या आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून काळा चष्मा मिळाला. मोठा, हलका, प्लास्टिकचा, दोन्ही बाजूंनी बंद. महिन्याभरात आबांना त्याची गरज उरली नाही, चष्मा फळीवर पडून राहिला. एक दिवस एव्हिएटरचा स्क्रू सापडेना म्हणून गॉगलभाऊनं तो चढवला आणि शिरोलीला गेला. धूळ आत आली नाही. चिलटं आली नाहीत. काडी रुतली नाही. वाटेत एक ट्रकवाला घसरता घसरता वाचला तेव्हा हा मोठ्यानं हसला, तरी चष्मा तसूभर हलला नाही. त्यानंतर रोज तोच. परतताना तावडे हॉटेलजवळ गाडी बाजूला घ्यायची, काळा चष्मा डिकीत, एव्हिएटर डोक्यावर, आणि मग गावात शिरायचं.

एका संध्याकाळी डिकी उघडायच्या आतच तालमीतलं तेच पोरगं करडा गॉगल घालून शेजारी येऊन थांबलं.

"भाऊ! आबांचं झालं, आता तुमचंबी झालं व्हय?"

सोयीसाठी घातलाय म्हणून सांगायचं, की ऑपरेशन झालंय म्हणायचं? गॉगलभाऊला फार विचार करावा लागला नाही.

"व्हय."

"कुठला डोळा?"

"दोन्ही."

"आणि गाडी चालवताय?"

"डॉक्टरच म्हणालं, जरा वारं लागू द्या."

दिवेलागणीला तालमीतली पाच-सहा पोरं शहाळी घेऊन दारात हजर. दार आबांनी उघडलं. उघड्या डोळ्यांनी त्यांनी एकेकाला नीट न्याहाळलं, आतल्या खोलीत पांघरूण घेऊन पडलेल्या चिरंजिवांकडं बघितलं आणि हात पुढं केला.

"ऑपरेशन माझं झालंय. शहाळी हिकडं आणा."