घरचा विश्वकर्मा

शहरी महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबाचा अभ्यास करणाऱ्यांनी ज्या एका पुरुषप्रकाराची अद्याप हवी तशी दखल घेतलेली नाही, तो प्रकार म्हणजे खोक्यातून सुटा येऊन घरी जोडलेला पलंग डुगडुगू लागला की सुताराला न बोलावता स्वतःच बाह्या सरसावणारा गृहस्थ होय. त्याचे वय साधारणतः पंचेचाळीसच्या पुढचे असते, शिक्षण कोणत्याही शाखेचे चालते, आणि लाकडाशी त्याचा पूर्वसंबंध बहुधा शाळेच्या बाकावर कर्कटकाने नाव कोरण्यापुरताच आलेला असतो.

या प्रकाराचा उदय तुलनेने अलीकडचा आहे. फळ्या, बोल्ट आणि एक वाकडी किल्ली चपट्या खोक्यात घालून विकायची व जोडणीचे कष्ट गिऱ्हाइकाकडे सोपवायचे ही पद्धत स्वीडनमधील आयकिया या कंपनीने १९५६ पासून रुजवली. तिचे नवी मुंबईतील दालन डिसेंबर २०२० मध्ये उघडले असले, तरी ऑनलाइन खरेदीमुळे निरनिराळ्या उत्पादकांची अशी खोकी त्याआधीच डोंबिवलीपासून कोथरूडपर्यंतच्या जिन्यांमध्ये अडकू लागली होती. त्यापूर्वीचा सागवानी पलंग चार माणसांनी उचलल्याशिवाय जागचा हलत नसे, त्यामुळे आजच्या गृहस्थाच्या आजोबांना आपल्या अंगचे हे गुण दाखवण्याची संधीच मिळाली नाही.

रोगनिदानाची पद्धत ठरलेली आहे. गृहस्थ प्रथम पलंगावर बसतो, उठतो, डोक्याकडची फळी दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवतो आणि ‘हं’ असा उद्गार काढतो, ज्याचा अर्थ दोष उत्पादकाचा असून इलाज आपल्यापाशी आहे असा घरच्यांनी घ्यायचा असतो. त्यानंतर माळ्यावरून श्रीखंडाचा जुना डबा खाली येतो. त्यात गेल्या वीस वर्षांत निघालेले सर्व स्क्रू, वायसर, पडद्याचे हूक व कुलपाविना उरलेल्या किल्ल्या एकत्र नांदत असतात, आणि हवा असलेला स्क्रू वगळता बाकी सर्व काही सापडते.

यातील यंत्रशास्त्र तसे सोपे आहे. चार दांड्यांची चौकट कोपऱ्यांतले जोड जरा सैल होताच तिरकी कलते, कारण बाजूंची लांबी कायम राहूनही चौकोनाचा आकार बदलू शकतो. त्रिकोणाचे तसे होत नाही, म्हणूनच पुलांत आणि विजेच्या मनोऱ्यांत तिरप्या पट्ट्या असतात. हे सर्व गृहस्थाला ठाऊक असते, किंबहुना चहा येईपर्यंत तो ते कुटुंबाला समजावूनही सांगतो; मात्र चहा संपल्यावर तो त्रिकोणाच्या वाटेला न जाता किल्ली घेऊन बोल्ट आवळू लागतो. आता अशा पलंगाच्या फळ्या पुष्कळदा पार्टिकल बोर्डाच्या, म्हणजे लाकडाचा चुरा चिकट रेझिनमध्ये कालवून दाबून केलेल्या असतात, आणि त्यांत सलग धागा नसल्याने स्क्रू प्रमाणाबाहेर पिळला की त्याचे आटे भोकातला भुसाच कोरून काढतात. या टप्प्यावर खरोखरीचा सुतार भोकात फेविकॉल लावलेली लाकडी खुंटी ठोकून, ती वाळू देऊन नवे भोक पाडतो. गृहस्थ काडेपेटीच्या काड्या कोंबतो, आणि वाळण्याची वाट पाहणे हे त्याच्या स्वभावात नसते.

पुढची पायरी एल पट्टीची, म्हणजे कोपऱ्यात बसवायच्या काटकोनी लोखंडी पट्टीची. हा उपाय मुळात योग्य आहे. परंतु १८ मिलिमीटर जाडीच्या फळीला २ मिलिमीटरची पट्टी २५ मिलिमीटरच्या स्क्रूने ठोकल्यास दुसऱ्या बाजूला ५ मिलिमीटरचे टोक बाहेर येणार, ही बेरीज-वजाबाकी बँकेत आयुष्यभर हिशेब तपासलेल्या माणसालाही पहिली चादर फाटेपर्यंत सुचत नाही. त्यानंतरही जो पाय जमिनीला टेकत नाही त्याच्याखाली लग्नपत्रिकेची घडी सरकवली जाते. यासाठी जाड पत्रिका वर्षानुवर्षे जपून ठेवलेल्या असतात, आणि ज्या व्याह्यांनी भारीचा कागद वापरला त्यांच्याबद्दल या घरात आदराने बोलले जाते.

या साऱ्या काळात गृहिणीची भूमिका टॉर्च धरण्याची असते. ‘अहो, नाक्यावरच्या सुताराला बोलवा ना’ हे वाक्य ती साधारण दर अर्ध्या तासाने उच्चारते, ते ऐकले जावे या अपेक्षेने नव्हे, तर पुढे वेळ आली असता सांगितले नव्हते असे कोणी म्हणू नये म्हणून. अखेरीस ‘आता यावर खुशाल नाचा’ अशी घोषणा होते आणि एक बोल्ट हातात उरतो; तो कंपनीने जास्तीचा दिला असल्याचा निर्वाळा देऊन गृहस्थ तो श्रीखंडाच्या डब्यात टाकतो. पलंगाचे हलणे थांबलेले नसले तरी त्याची दिशा बदललेली असते, आणि याला प्रगती न म्हणणे अन्यायाचे ठरेल.

ज्यांना पलंग खरोखरच घट्ट हवा असेल त्यांनी सर्व बोल्ट आधी अर्धेच आवळावेत, चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजून ते सारखे आल्यावरच पूर्ण आवळावेत, पायांच्या कोपऱ्यांत प्लायवुडचे त्रिकोणी तुकडे बेताच्या लांबीच्या स्क्रूंनी बसवावेत आणि मधल्या दांड्याखाली आधाराचा एक जादा पाय द्यावा. सुताराला हे काम अवघड नाही. फक्त त्याला बोलावताना गृहस्थ पासबुक भरून आणायला बाहेर पडला आहे याची खात्री करून घ्यावी.