कुईं की खर्रर्र?

गॅरेजवाल्याला आधी गाडी नको असते, आपलं तोंड हवं असतं. ‘काका, आवाज कसा येतो?’ असं त्यानं विचारलं, की एरवी चारचौघांत शिंकताना रुमाल धरणारे गृहस्थ उल्हासनगरच्या भर रस्त्यात ‘कुईंऽऽ’ करून दाखवतात. तो मान वर न करता विचारतो, ‘कुईं की खर्रर्र?’

प्रश्न फालतू नाही. बऱ्याच ब्रेक पॅडना पोलादाची चिमुकली पट्टी असते. पॅड घासून दोन-तीन मिलिमीटरवर आलं, की ती डिस्कला टेकून किंचाळते. म्हणजे कुणा इंजिनिअरनं शांत डोक्यानं, आपल्याला सहन होणार नाही असा आवाज योजलाय. तोही आपण सहन करतो. गाण्याचा आवाज वाढवतो. मग येतं खर्रर्र. पॅडचं अस्तर संपलं, आता लोखंडावर लोखंड.

बदलापूरच्या पावसात एक तिसरा आवाज असतो. गाडी रात्रभर भिजली की डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो. सकाळी चार ब्रेक मारले की गंज जातो, आवाजही जातो. नवा गाडीवाला त्यानं हवालदिल होतो. जुना मात्र पॅड खरंच संपलं तरी ‘पावसाचं आहे’ म्हणत डिसेंबर गाठतो. खणलेल्या रस्त्यांवरून येताना डिस्क आणि मागच्या पत्र्यात खडा अडकतो, तोही ओरडतो. शेजाऱ्यांना मात्र प्रत्येक आवाज बेअरिंगचाच वाटतो.

आवाज कुठल्या चाकाचा हे कळायला काचा खाली करून भिंतीलगत हळू जावं, भिंत आवाज परत पाठवते. उपाय उत्तम, पण भिंत आणायची कुठून? उल्हासनगरच्या पाचही कॅम्पांत भिंतीला टेकून दुकान आणि दुकानाला टेकून स्कूटर. सलग भिंत म्हणावी तर अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीची. तिथे पुन्हापुन्हा ब्रेक मारत रेंगाळणाऱ्या गाडीला पहारेकरी जे विचारेल, ते पॅडबद्दल नसेल.

तेव्हा कुईं असेल तर याच आठवड्यात गॅरेज गाठा. खर्रर्र असेल तर गाडी हलवू नका, मेकॅनिकलाच घरी बोलवा. डिस्कला चरे पडले की बिल पॅडपुरतं राहत नाही. आणि पॅड एकाच चाकाचे बदलू नका, जोडीनं बदला. नाहीतर ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढते.