मौनाचं गाव, मोघम व्यवहार

इगतपुरीत न बोलण्याची सोय उत्तम आहे. धम्मगिरीवरच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात मौन पाळायचं, पण त्याआधी काय काय मान्य करायचं ते सगळं लेखी समोर येतं. पहाटे चारला उठायची घंटा, मोबाइल बंद, वाचन-लेखन बंद. संध्याकाळी नव्या साधकाला चहा-फळं आणि जुन्याला नुसतं लिंबूपाणी, इथपर्यंत! एवढं लिहून देणारे शुल्क म्हणून एक पैसाही घेत नाहीत.

पैसे घेणाऱ्यांचा संप्रदाय वेगळा. पाऊस लागला की घाटमाथ्यावरच्या बंगल्यांचे संदेश मुंबईकडे उतरू लागतात : ‘निसर्गाच्या कुशीत, हायवेपासून ५ मिनिटं, सर्व सुविधा.’ पाच मिनिटं कशाने, हे विचारू नये, बहुधा ढगातून. जेवण व्हेज की नॉनव्हेज? उत्तर येतं, ‘हो’. गरम पाणी? ‘होऊन जाईल’. ॲडव्हान्स मात्र किती, कुठल्या नंबरवर, किती वाजेपर्यंत, हे काना-मात्रेची चूक न होता येतं. मराठी उद्योजकाला नेमकं लिहिता येत नाही, हा आरोप इथेच निकालात निघतो.

गिऱ्हाईकही काही कमी नाही. ‘शनिवारी येतोय, ८-१० जण.’ शनिवार कुठला, ते त्याच्या मनात. मालक अंगठा पाठवतो. पूर्वी सही न येणारे अंगठा द्यायचे, आता एमबीए झालेले देतात. कॅनडातल्या एका शेतकऱ्याने जवसाच्या करारावर असाच अंगठा पाठवला आणि नंतर म्हणाला, मी फक्त ‘मिळालं’ म्हटलं होतं. २०२३ साली न्यायालयाने ती सहीच धरली आणि माल न दिल्याबद्दल ८२ हजार डॉलरांवर भरपाई लावली. आपल्याकडे शनिवारी रात्री भर पावसात चौदा माणसं दारात उभी राहतात, एवढंच.

आणि हे रेल्वेच्या गावात! कसारा घाटाचा चढ ३७ला १, मागे बँकर इंजिनं लावून गाड्या वर आणतात. रुळाचं काम चालू असेल तर चालकाच्या हातात कॉशन ऑर्डर पडते : कुठल्या किलोमीटरपासून कुठल्या किलोमीटरपर्यंत, ताशी किती वेग. तिथे ‘जरा सांभाळून या, बाकी बघून घेऊ’ असं लिहून चालत नाही.

तेव्हा यंदा बुकिंग करताना तारीख, माणसं, रक्कम आणि बेत रद्द झाला तर परत किती, एवढं लिहून मागा. उत्तरात अंगठा आला, तर पुन्हा मागा.