नळी घाल अन् आवळ

परळीहून तेलगावच्या रस्त्याला लागलं की वाटेत सिरसाळा येतं. ऊसतोडीचा हंगाम जवळ आला की या पट्ट्यात ट्रॉल्यांची डागडुजी निघते, अधूनमधून एखादं लोखंडी शेडही उभं राहतं. या सगळ्या कामांचं अभियांत्रिकी शास्त्र एका वाक्यात मावतं: “नळी घाल अन् आवळ!”

नळी म्हणजे पान्याच्या दांड्यावर चढवायचा हातभर पाइप. दांडा लांबला की जोर वाढतो, ही आर्किमिडीजची विद्या हेल्परला उपजतच येते. तो नळीला लोंबकळतो. मिस्त्री विचारतो, “बसला का?” हेल्पर म्हणतो, “बसला.” मिस्त्री म्हणतो, “अजून एकदा.” कधीकधी त्या ‘अजून एकदा’ला टण् असा आवाज येतो आणि दोष बोल्ट बनवणाऱ्या कंपनीच्या माथी जातो.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो. हेल्परला ते माप वाटतं, गिऱ्हाइकाला भाव. खरं तर १०.९ मधला दहा सांगतो की हा बोल्ट दर चौरस मिलिमीटरला १००० न्यूटन ओढ सोसून मग तुटेल. पॉइंट नऊ सांगतो की त्याच्या नव्वद टक्क्यांना तो कायमचा लांबेल. साधा बोल्ट ४.६ चा. दोघं एकाच डब्यात, एकाच ग्रीसमध्ये सुखानं नांदतात.

नट फिरतो तसा बोल्ट किंचित लांबतो, पुन्हा आखूड व्हायला बघतो आणि त्या ओढीनं दोन प्लेटा एकमेकींवर दाबून धरतो. त्या दाबामुळं होणाऱ्या घर्षणानं जोड सरकत नाही. वीस मिलिमीटरच्या ८.८ बोल्टमध्ये ही ओढ सुमारे चौदा टनांची हवी. अडचण अशी, की हेल्परच्या घामाचा आणि या चौदा टनांचा थेट संबंध नाही. दिल्लीहून निघालेल्या रुपयातले पंधरा पैसेच लोकांपर्यंत पोचतात, असं राजीव गांधी म्हणाले होते. पान्याचा हिशेब त्याहून वाईट. नटाच्या बुडाशी आणि आट्यांमध्ये जवळजवळ नव्वद पैसे घर्षण खातं. ताण म्हणून बोल्टला मिळतात दहा. त्यातही आट्यांना तेल असलं तर जास्त, गंज असला तर कमी. म्हणून नुसत्या टॉर्क रेंचच्या काट्यावर विसंबणारा इंजिनिअरही नळीवाल्यापेक्षा फार पुढं गेलेला नसतो. फक्त त्याचं हत्यार महाग असतं.

मग करायचं काय? आधी नट घट्ट बसवायचा, मग खूण करून ठरावीक फेरा द्यायचा. बोल्टची लांबी जाडीच्या चौपटीपर्यंत असेल तर साधारण एकतृतीयांश फेरा, चौपट ते आठपट असेल तर अर्धा. यात गंमत अशी, की ‘घट्ट’ म्हणजे किती, हे अमेरिकेच्या संहितेनं वर्षानुवर्षं ‘साध्या पान्यानं कामगाराचा पूर्ण जोर’ असं सांगितलं. जेवणाआधीचा की नंतरचा, हे मात्र त्यात नाही.

तरीही सगळे बोल्ट नळीनंच मरतात असं नाही. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या बे ब्रिजवर ९६ जाडजूड रॉड ताणले, त्यातले ३२ काही दिवसांतच तुटले. तिथं ना नळी होती, ना लोंबकळणारा हेल्पर. पोलादात शिरलेल्या हायड्रोजननं ते ठिसूळ झाले होते. आपल्याकडं मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नट-बोल्ट गंजत असल्याचं सार्वजनिक बांधकाम खात्यानं त्याआधी सहा दिवस नौदलाला लेखी कळवलं होतं. पुढं चौकशीत चौकटीच्या रचनेवर आणि वेल्डिंगवरही बोट ठेवलं गेलं. कागदाला कागद जोडणं आपल्याला छान जमतं. नटाला मात्र पानाच लागतो.

तेव्हा सिरसाळा परिसरातल्या शेडमालकांना विनंती. एकदा पूर्ण ताणून सोडलेला १०.९ चा बोल्ट “चांगला तर दिसतोय” म्हणून परत वापरू नका. आणि नळी भंगारात देऊन त्या पैशांत पांढऱ्या शाईचा एक मार्कर घ्या.