टेन्सभाऊ

बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याजवळच्या आमच्या गल्लीत त्याला सगळे टेन्सभाऊ म्हणतात. घरचे पॉवरलूम, वय तेहतीस, शिक्षण बी.कॉम., आणि गेली कित्येक वर्षं एकच उद्योग: इंग्रजीचं बेसिक पक्कं करणं. बेसिक हा त्याचा लाडका शब्द. ‘‘बेसिक क्लिअर पाहिजे भाऊ, मग आयल्ट्स काय, काहीच नाही.’’ चोविसाव्या वर्षी तो हे म्हणायचा तेव्हा ऐकणारे मान डोलवायचे. आता ते आपला चहा उचलून पलीकडच्या बाकावर जातात.

त्याची धाकटी बहीण कॅनडात, ब्रॅम्प्टनला असते. तिनं बेसिकच्या भानगडीत न पडता आयल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा दिली, लागत होते तेवढे बँड, म्हणजे गुण, मिळवले आणि गेली. भावानं मात्र ठरवलं, जायचं तर सगळं शिकून जायचं. आता कॅनडात स्थायिक व्हायच्या एक्स्प्रेस एन्ट्रीचा हिशेब असा आहे, की वयाचे पूर्ण गुण मिळतात ते वीस ते एकोणतीस या वयात. तिशी लागली की दर वाढदिवसाला थोडे थोडे कापले जातात. म्हणजे इकडे टेन्सभाऊचं ग्रामर वर्षागणिक चढतंय आणि तिकडे वय त्याचे गुण उतरवतंय. या दोन रेषा एकमेकींना कधीच ओलांडून गेल्या, हे कळायला बी.कॉम. पुरेसं आहे. पण ते गणित तो मांडत नाही. ते बेसिकमध्ये येत नाही.

त्याच्या खोलीत एक फळी आहे. तिच्यावर आजोबांच्या वेळची तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, वडिलांनी हौसेनं आणलेला रॅपिडेक्स, आणि मधोमध रेन अँड मार्टिन. हे रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते. पुढे त्यांनी फ्रेंच फॉरेन लीजनच्या शिपायांवर ‘बो जेस्ट’ ही कादंबरी लिहून नाव कमावलं. वाळवंटातल्या लढाया रंगवणारा माणूस नाम-सर्वनामांच्या वाटेला का गेला असेल, हे मला कोडंच आहे. 1935 साली निघालेलं हे व्याकरण हिंदुस्थानात राहणाऱ्या गोऱ्या साहेबांच्या पोरांसाठी होतं म्हणतात. त्या पोरांनी ते किती वाचलं कोण जाणे, टेन्सभाऊनं ते त्यांच्याही वाटचं वाचलंय. निदान पहिली साठ पानं तरी. तेवढी पानं बोटांनी काळवंडून मऊ पडली आहेत, पुढची अजून करकरीत आहेत. कारण पॅसिव्ह व्हॉइसपर्यंत पोचलं की त्याला शंका येते, की आर्टिकल अजून कच्चं आहे, आणि तो पुन्हा पहिल्या पानावर येतो.

बोलायला अडणारा गडी आहे, असं मात्र समजू नका. घरात मराठी, लूमवरच्या कारागिरांशी उर्दू, सुताच्या बोहरा व्यापाऱ्याशी गुजराती, केळी घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याशी निमाडी आणि तहसीलमध्ये हिंदी. या गावाला त्याचं काहीच वाटत नाही. आमच्या जामा मशिदीत फारुकी सुलतानानं अरबीच्या जोडीला संस्कृत लेखही कोरून घेतलाय. तर पाच भाषांत टेन्सभाऊ उधारी वसूल करतो, भाव पाडतो, वेळ आली तर शिव्याही देतो, आणि यातल्या एकाही भाषेचं व्याकरण त्यानं उघडून पाहिलेलं नाही. मी एकदा त्याला हे सुचवून पाहिलं. तो गंभीर झाला. म्हणाला, ‘‘या भाषा आपल्याला येतात रे. इंग्रजी शिकायची आहे.’’

बारा काळांचा तक्ता त्यानं लूमच्या खोलीत भिंतीवर चिकटवलाय. त्यातला प्रेझेंट कंटिन्युअस त्याला एका दिवसात आला, कारण आमच्याकडे माणूस जातो म्हणत नाही, ‘जाऊन राहिलो’ म्हणतो. पुणेकरांना हा काळ आमच्याइतक्या सहज कळत असेल, असं मला वाटत नाही. पास्ट परफेक्टसाठी त्यानं गावातलंच उदाहरण काढलंय: मुमताज हॅड डाइड बिफोर शहाजहान बिल्ट द ताज. 1631 च्या जूनमध्ये ती इथे बाळंतपणात गेली, तापीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात तिला तात्पुरतं दफन केलं आणि काही महिन्यांनी आग्र्याला नेलं. दोन भूतकाळी घटना, त्यांतली आधीची कुठली हे स्पष्ट. रेन अँड मार्टिनला असं उदाहरण सुचलं नसतं.

पण त्याचा खरा हात बसलाय थर्ड कंडिशनलवर. जे घडलं नाही ते घडलं असतं तर काय झालं असतं, हे सांगणारं वाक्य इतरांना जड जातं म्हणतात. बुऱ्हाणपूरकराला जड का जावं? अख्खं गाव थर्ड कंडिशनलमध्येच राहतं. ताजमहाल इथे तापीकाठी झाला असता तर. ताप्ती मिलचा भोंगा वाजत राहिला असता तर. रिक्षावाल्यापासून नगरसेवकापर्यंत प्रत्येकाजवळ असं एक तरी वाक्य तयार असतं. टेन्सभाऊ त्याचं फक्त इंग्रजी करतो: इफ शी हॅड स्टेड इन जैनाबाद, वुई वुड हॅव सोल्ड तिकिट्स.

इतिहासातली त्याची सगळ्यात आवडती गोष्ट मात्र थॉमस रोची. इंग्लंडच्या राजाचा हा वकील 1615 च्या नोव्हेंबरात सुरतेहून जहांगीराकडे जाताना बुऱ्हाणपुरात थांबला. इथे शहजादा परवेझ होता. रोला जमिनीला डोकं टेकवायला सांगितलं, त्यानं नकार दिला. बसायला खुर्ची मागितली, ती मिळाली नाही. हवं तर खांबाला टेकून उभे राहा, अशी सवलत मिळाली. मग एकांतात बोलू असं ठरलं, पण रोनं नजराण्यात दारूच्या बाटल्यांची पेटी दिली होती. शहजाद्यानं ती लगेच उघडली आणि बोलणं राहून गेलं. रोच्या रोजनिशीत हे सगळं आहे. टेन्सभाऊचं म्हणणं, हिंदुस्थानातली पहिली स्पीकिंग टेस्ट ही आपल्या शाही किल्ल्यात झाली आणि परीक्षकच शुद्धीवर नव्हता. शिवाय रोनं गावाचं नाव ‘ब्रॅम्पोर’ असं लिहिलंय. ‘‘ब्रॅम्पोर ते ब्रॅम्प्टन, भाऊ! नशिबातच लिहिलंय.’’ आता नशिबात लिहिलंय म्हटल्यावर घाई कशाला करायची?

सराव हवा म्हणून मध्यंतरी तो दरगाह-ए-हकीमीला चकरा मारायचा. तिथे जगभरातले बोहरा भाविक येतात. एकदा नैरोबीहून आलेले एक वयस्क गृहस्थ बागेत बसलेले दिसले. टेन्सभाऊनं लांबूनच वाक्य जुळवलं, दोनदा तपासलं, आर्टिकल बसवलं आणि जवळ जाऊन विचारलं, ‘‘इज धिस युअर फर्स्ट व्हिजिट टू द सिटी ऑफ बुऱ्हाणपूर?’’ गृहस्थांनी प्रेमानं त्याचा हात धरला आणि गुजरातीत विचारलं, की भाई, इथे मावा जिलबी चांगली कुठे मिळते? पुढचा अर्धा तास छान गेला. भाव, भेसळ, मुलांची लग्नं, सगळं झालं. टेन्सभाऊच्या वहीत त्या दिवसापुढे ‘प्रॅक्टिस: शून्य’ अशी नोंद आहे.

लेखनाचा सराव त्याहून मजेचा. आयल्ट्सच्या जनरल पेपरात 150 शब्दांचं पत्र असतं. एका सरावपुस्तकातला विषय होता: शेजारच्या घरातून रात्रंदिवस आवाज येतो, त्याबद्दल शेजाऱ्याला पत्र लिहा. टेन्सभाऊ माडीवर लिहायला बसला. खाली लूम धडधडत होते, त्यानं टेबल हलत होतं आणि टेबलाबरोबर अक्षर. वडील वर आले. ‘‘काय लिहून राहिला?’’

‘‘तक्रार. आवाजाची.’’

‘‘कुणाच्या?’’

‘‘आपल्याच.’’

वडील बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, ‘‘इंग्रजीतच आहे ना? मग लिही.’’

शेवटी बहिणीनं तिकडून परस्पर 17-18 हजार भरून तारीखच घेतली, तेव्हा तो इंदूरला गेला. मी सोबत होतो. खंडव्यापर्यंत त्यानं आर्टिकल केलं, सनावदपर्यंत प्रिपोझिशन. घाटात त्याला मळमळलं म्हणून कंडिशनल राहिलं. मला वाटेत पहिल्यांदा कळलं, की या परीक्षेत व्याकरणाचा म्हणून पेपरच नसतो. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं एवढे चारच भाग. लिहिण्या-बोलण्याच्या गुणांत एक चतुर्थांश वाटा व्याकरणाचा. बाकी मुद्दा, ओघ, शब्द, उच्चार यांचा. मी विचारलं, ‘‘तुला हे माहीत होतं?’’ तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, ‘‘तो चतुर्थांशच तर बेसिक आहे.’’

बोलण्याची परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची असते. आत काय झालं ते त्यानं नंतर रसाच्या गाड्यावर सांगितलं. बाईंनी विचारलं, कुठे राहता? हा म्हणाला, आय लिव्ह इन बुऱ्हाणपूर. मग वाटलं, कॅनडाला जायचंय म्हणजे हे राहणं तात्पुरतं. म्हणून, आय अॅम लिव्हिंग. मग आठवलं, जन्मापासून राहतोय. म्हणून, आय हॅव बीन लिव्हिंग. बाईंनी तिन्ही राहणी शांतपणे ऐकून घेतली आणि पुढे गेल्या. मग कार्ड आलं: तुमच्या गावातल्या एका पदार्थाबद्दल बोला. विचाराला एक मिनिट, बोलायला दोन.

याहून सोपा प्रश्न देवानं काढला नसता. मावा जिलबीवर टेन्सभाऊ दोन तास बोलू शकतो. खवा कसा असावा, तूप किती तापवावं, ती अशी काळपट का दिसते आणि इंदूरकरांना का जमत नाही, सगळं तोंडपाठ. पण कार्ड हातात घेतल्याबरोबर त्याला प्रश्न पडला, की मावा जिलबी काउंटेबल आहे की अनकाउंटेबल. गाडीवर बसून खाल्ली तर नगावर मोजता येते. घरी नेली तर पाव किलोच्या हिशेबात जाते. मग ‘अ जिलबी’, का ‘सम जिलबी’, का नुसतीच जिलबी? त्यात मिनिट संपलं. पुढच्या दोन मिनिटांत त्यानं पदार्थ बदलून केळं घेतलं, कारण केळ्याला ‘अ’ लागतो ही खात्री होती. ‘‘काय बोललास केळ्यावर?’’ मी विचारलं. ‘‘इट इज अ फ्रूट,’’ तो म्हणाला. पुढे मी विचारलं नाही.

निकाल आला. ऐकणं सात, वाचणं सात, लिहिणं साडेसहा, बोलणं साडेपाच. त्याला लागत होते प्रत्येकी सहा. अर्ध्या बँडनं कॅनडा राहिलं. गल्लीनं हळहळ केली, काकूंनी ब्रॅम्प्टनला फोन लावून लेकीला रडून सांगितलं. टेन्सभाऊ मात्र शांत होता. त्यानं शोधून काढलं होतं, की पैसे भरून गुण पुन्हा तपासून घेता येतात. त्याला सहा आठवड्यांची मुदत असते आणि बँड वाढला तर पैसे परत. मोबाईलवर फॉर्म भरायचा, पाच मिनिटांचं काम. मी म्हटलं, आण, मी भरतो. तो म्हणाला, नुसता फॉर्म बरा दिसत नाही, सोबत एक पत्र पाहिजे.

पत्राचा पहिला मसुदा आठवड्यात झाला. दुसऱ्यात ‘आय रिक्वेस्ट’चं ‘आय वुड लाइक टू रिक्वेस्ट’ झालं. मग रिक्वेस्टपुढे ‘फॉर’ येतो की नाही यावर त्यानं रेन अँड मार्टिन चाळलं, तर्खडकर चाळले, जयस्तंभाजवळच्या एका निवृत्त मास्तरांकडे दोनदा जाऊन आला. मास्तर म्हणाले येत नाही. ते त्याला पटलं, पण मग ‘फॉर’ काढल्यावर वाक्य उघडं वाटायला लागलं. चौथा मसुदा घेऊन तो परवा संध्याकाळी माझ्याकडे आला. कागद स्वच्छ, समास सोडलेला, एक खाडाखोड नाही. मी वाचला. खरंच निर्दोष होता.

मी म्हटलं, ‘‘टेन्सभाऊ, मुदत तर काल संपली.’’

त्यानं कागद परत घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, ‘‘संपली, का संपली आहे? दोन्हींत फरक आहे.’’