फडावर अंगावर कसं प्यावं
(वयोगट शून्य ते सव्वा वर्ष. वाचता येत नसल्यास मुकादमाकडून वाचून घ्यावे.)

आधी जन्म जपून घ्या. दिवाळीनंतर ऊसतोडीचा कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, जुन्नर-आंबेगावात उतरतो. तेव्हा पोटात असाल तर पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, कळ काढा. आईबापांनी जोडीनं उचल घेतलीय. आई कोपीत बसली की खाडा, म्हणजे मजुरी बुडाली ती बुडाली, वर दंड.

मग कायदा पाठ करा. 1961 चा प्रसूती लाभ कायदा तुमच्याच बाजूचा; 2025 पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, तरतुदी त्याच. तुम्ही 15 महिन्यांचे होईपर्यंत आईला रोज दोनदा पाजायची सुट्टी. 2017 च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी रजा, आणि 50 माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर. एसटी स्टँडावर हिरकणी कक्षही असतो, पण तुम्ही येता ट्रॉलीत बसून.

आता मालक शोधा. हा धडा लांबतो. ऊस विघ्नहरला जावो की भीमाशंकरला, शेतकरी म्हणतो टोळी माझी नाही. कारखाना म्हणतो करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार मुकादम दाखवतो, मुकादम उचलीची वही. वहीत कोयता एक, त्यावर नाव बापाचं. वर्षात 80 दिवस काम भरलं की आई रजेला पात्र. हंगाम चार-पाच महिन्यांचा, तेव्हा दिवस भरलेत. कुणाकडे भरले, तेवढं लिहायचं राहिलंय.

भूक गाडीच्या वेळा बघून लावून घ्या. आई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढत असताना रडून उपयोग नाही. प्यायच्या आधी पदरावरची कुसळं झाडायला लावा.

जमलंच तर बिबट्याचं पिल्लू व्हा. तोडणीत बछडे सापडले की तोड थांबते. वनखात्याची माणसं येतात, माणिकडोहच्या निवारा केंद्राचे डॉक्टर तपासतात, संध्याकाळी पिल्लं त्याच जागी ठेवून कॅमेरा लावतात आणि मादी येऊन नेईपर्यंत लांब थांबतात. काम चांगलंच आहे, टिंगल नाही करत. फक्त तुमच्या दुधासाठी तोड कधी थांबली होती, ते मुकादमाला विचारून ठेवा.

आणि मादी जवळपास असते, तेव्हा बांधावरच्या झोळीत एकटं राहू नका. थोरली बहीण असेल तर तिला राखणीला बसवा. तिची शाळा? त्याची मार्गदर्शिका वेगळी आहे.