पट्टे-अप्पा

पट्टे-अप्पांबरोबर पायी कुठे जायचं नाही, असा आमच्या गल्लीचा अलिखित ठराव आहे. लातूरच्या औसा रोडनं भाजीला निघालेला माणूस त्यांच्या तावडीत सापडला, तर मेथी घरी येईपर्यंत मान टाकते. अप्पा मधेच थांबतात, गुडघे सांभाळत खाली बसतात, खिशातून टेप काढतात आणि त्याचं दुसरं टोक आपल्या हातात देतात. "धरा. हलू नका." भर रहदारीत आपण उकिडवे, आणि मागून रिक्षावाला ओरडतो, "मामा, प्लॉट पाडायलाव का हितं?"

अप्पा बांधकाम खात्यात अनुरेखक होते. साहेबांनी काढलेला नकाशा ट्रेसिंगच्या कागदावर शाईनं उतरवायचा, रेघ ना जाड होऊ द्यायची ना बारीक, ही त्यांची नोकरी. १९८२ साली उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा नव्या जिल्ह्याचे कित्येक रस्ते आधी आपल्या टेबलावर झाले आणि मग जमिनीवर, असं ते सांगतात. काही तर टेबलावरच राहिले, हेही सांगतात. पुढे संगणक आला, रेघा मशीन ओढू लागलं, अप्पा निवृत्त झाले. हात मात्र निवृत्त व्हायला तयार नव्हता. पुतण्याच्या लग्नात त्यांनी पंगतीला दोरी लावून ताटं सरळ करून घेतली. रांग सुरेख झाली, भात गार झाला. घरच्यांनी हात जोडले, तेव्हा अप्पांची नजर रस्त्याकडे वळली.

रस्त्यावरच्या रेघांना मात्र शास्त्र असतं. इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ३५ ही संहिता अप्पांना तोंडपाठ आहे. झेब्रा क्रॉसिंगचा एकेक पट्टा ५० सेंटिमीटर रुंद. थर्मोप्लास्टिक रंगाचा थर अडीच मिलिमीटर. वरून चौरस मीटरला २५० ग्रॅम काचेचे मणी. एका शाळेसमोरचा नवा पट्टा टेपवर ४२ भरला, तेव्हा अप्पांनी गुत्तेदाराच्या माणसाला विचारलं, "बाकीचे आठ सेंटिमीटर कुणी खाल्ले?" तो पोरगा भट्टीपाशी उभा होता. भट्टीत माल १८० अंशांच्या वर तापलेला, डोक्यावर आमचं लातूरचं ऊन. तो म्हणाला, "अप्पा, मला रोज मिळतो, सेंटिमीटरचे पैसे मिळत नाहीत." अप्पांना हे पटलं. त्याला त्यांनी उसाचा रस पाजला, आणि टेपसकट पट्ट्याचा फोटो साहेबांना पाठवला.

काचेचे मणी हा अप्पांचा हळवा विषय. गरम थरावर शिंपडलेले हे मणी गाडीचा उजेड आल्या वाटेनं परत पाठवतात, म्हणून पट्टा रात्री चमकतो. मणी कमी पडले की पट्टा दिवसा पांढरा आणि रात्री गुप्त. हे तपासायला अप्पा जेवण उरकून टॉर्च घेऊन रिंग रोडला जातात. एकदा असेच गुडघ्यांवर बसून उजेड पाडत होते. एक मोटारसायकल थांबली. "काय हरवलं, अप्पा?" अप्पा मान वर न करता म्हणाले, "मणी गेलेत सगळे." दुसऱ्याचं सोनं हरवलेलं असताना लातूरचा माणूस घरी जाईल कसा? बघता बघता पंधरा जण मोबाइलची बॅटरी लावून डांबर चाळू लागले. एका बाईंनी डोरलं किती तोळ्यांचं, सुनेचं माहेर कुठलं, इथवर चौकशी केली. शेवटी कुणीतरी विचारलं, "पण मणी कुणाचे?"

"रस्त्याचे," अप्पा म्हणाले.

त्या रात्री ते मार खाता खाता वाचले. पण पंधरा बॅटऱ्यांच्या उजेडात पट्टा कुठं कुठं मेलाय, हे त्यांना फुकटात तपासून मिळालं.

जून लागला की अप्पांचा मुक्काम ट्युशन एरियात. महाराष्ट्रभरातून आलेली पोरं नोट्समध्ये डोकं घालून रस्ता ओलांडतात. इथला झेब्रा जूनच्या आधी मारावा, हा अप्पांचा जुना हट्ट. पण रंगाचा मुहूर्त पंचांगात नसतो, बजेटात असतो. मार्चअखेर पट्टे मारायचे, एप्रिलात पाइपलाइनसाठी तेच खणायचे, मे महिन्यात त्यावर माती लोटायची. पोरं येतात तेव्हा झेब्र्याचे दोन पाय उरलेले असतात. अशाच एका उरलेल्या पायावर उभं करून अप्पांनी एका पोराला पट्टा का चमकतो ते वक्रीभवनापासून समजावलं. पोरगं शांतपणे ऐकून म्हणालं, "सर, याच्यावर नीटला किती मार्कांचा प्रश्न येतो?" अप्पा दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत.

अप्पांचा खरा कस लागतो गंजगोलाईत. १९१७ सालची, नगररचनाकार फय्याजुद्दीन यांनी आखलेली ही गोल बाजारपेठ. मधे जगदंबेचं देऊळ, आणि गोलाईला येऊन मिळणारे सोळा रस्ते. सोळा रस्ते म्हणजे सोळा स्टॉप लाइनी. त्यांचा नकाशा अप्पांनी शाईनं काढून, फ्रेम करून घरात लावलाय. प्रत्यक्षात तिथं रेघ पाळणारे एकच, हातगाडीवाले. कडेच्या पांढऱ्या रेघेला ते स्वतःची हद्द मानतात. "माजा गाडा रेघंच्या आतच हाय की," असं एकानं ऐकवलं, तेव्हा त्याच्यावर रागवावं की त्याला मिठी मारावी, हे अप्पांना कळेना. रेघेला मानणारा माणूस अखेर भेटला होता, तोही चुकीच्या बाजूला.

त्याच १९१७ साली कॅलिफोर्नियातल्या इंडिओ गावाजवळ जून मॅकॅरोल नावाच्या डॉक्टरीणबाईंना समोरून आलेल्या ट्रकमुळे मोटार रस्त्याखाली घालावी लागली. रस्त्याच्या मधोमध रेघ मारा, म्हणून बाईंनी अधिकाऱ्यांकडे खेटे घातले. कुणी दाद देईना. मग त्यांनी स्वतःच रंग घेतला आणि रेघ मारली. १९२४ साली त्या राज्यानं ही पद्धत स्वीकारली. ही गोष्ट अप्पांच्या वाचनात आली आणि आमच्या गल्लीचे ग्रह फिरले.

एका पहाटे अप्पांनी शाळेसमोर दोरी लावून, पन्नास सेंटिमीटरच्या हिशेबानं, चुन्याच्या फक्कीचा झेब्रा आखला. आता आपल्याकडे रस्त्यावर ताजी फक्की दिसली की तिचा अर्थ एकच. नऊपर्यंत मंत्री येणार ही बातमी पक्की झाली. दहाला कोणते मंत्री यावर दोन गट पडले. वडेवाल्यानं कढई आत घेतली, गाडे आपोआप मागं सरले, कोपऱ्यावरचा महिन्याचा कचरा अदृश्य झाला, आणि दोन भावी नगरसेवक एकमेकांकडे न बघता हार घेऊन उभे राहिले. गाड्या झेब्र्याच्या मागं थांबत होत्या. मंत्र्यांच्या धाकानं का होईना, थांबत होत्या. पोरं मजेत रस्ता ओलांडत होती. दुपारी सर आली, फक्की वाहून गेली. संध्याकाळी कढई, गाडे, कचरा, सगळं जागच्या जागी.

"बगितलंव?" अप्पा म्हणाले. "रेघंत ताकद हाय. पर ती ताजी पाहिजे. आमची सून रोज दारात रांगोळी काढती. आजची रांगोळी असली की शेंबडं पोरगंबी वळसा घालतंय. कालच्या रांगोळीवर मात्र सगळेच पाय देत्यात."

गल्ली अप्पांना वेडं म्हणते. पण या वेडात हिशेब आहे. पुसट झेब्रा हा नसलेल्या झेब्र्याहून वाईट. पायी चालणाऱ्याला तो माहीत असतो, त्या भरवशावर तो पाऊल टाकतो. गाडीवाल्याला तो दिसतच नाही. रेघ मारण्याचं उद्घाटन होतं, रेघ राखण्याचं होत नाही, म्हणून ते काम एका निवृत्त अनुरेखकाच्या टेपवर येऊन पडतं.

तेव्हा तुमच्या चौकातला पट्टा पुसला असेल, तर तो कधी मारला होता ती तारीख विचारा आणि लेखी अर्ज द्या. थर्मोप्लास्टिक पट्ट्याची चमक दोन वर्षं टिकवण्याची हमी सरकारी मानकांतच आहे. त्याआधी तो गेला, तर गुत्तेदारानं पुन्हा मारून द्यायला हवा. अर्जाचा नमुना अप्पांकडे फुकट मिळतो. समास मात्र ते पट्टीनं मोजून बघतात.